बेंबळीच्या रिव्हॉल्वरचा भाव

धाराशिवच्या बसस्टँडमागच्या गल्लीत जैनोद्दीनचाचाचं बंदुकांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काउंटर, एक लोखंडी कपाट, तीन खुर्च्या आणि भिंतीवर काचेत लावलेला परवाना. चाळीस वर्षं त्या काउंटरमागं बसून चाचाचं एक मत पक्कं झालं होतं. रानडुकरं हाकलायला बारा बोअरची बंदूक घेणारा शेतकरी म्हणजे माणूस, त्याला चहा पाजायचा. कंबरेला रिव्हॉल्वर लावून लग्नात मिरवणारा म्हणजे रिकामं पोतं, त्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही. तोंडावर तसं तो बोलत नसे, कारण पोट त्याच पोत्यांवर चालत होतं. पण ऐकणाऱ्याला त्याच्या नुसत्या ‘या, बसा’मध्ये सगळं ऐकू यायचं.

जुनं हत्यार विकायला आलं की त्याची एक ठरलेली रीत होती, बापापासून चालत आलेली. काउंटरवर पांढरं फडकं अंथरायचं. विकणारा आणि घेणारा दोघांनाही समोर बसवायचं. हत्यार खोलून आधी त्यातले सगळे दोष मोठ्यानं सांगायचे आणि मग भाव एकदाच बोलायचा. परत विचारलं तर उत्तर नाही. पटलं तर घ्या, नाही तर उठा. या रीतीमुळं ‘जैनोद्दीनचा भाव’ म्हटलं की पार लातूर-सोलापूरपर्यंत कुणी वाद घालत नसे, आणि याचा चाचाला बराच ताठा होता. उगाच नाही कशाला म्हणायचं.

तर एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक पांढरी थोरली गाडी गल्लीत घुसली आणि दुकानाच्या तोंडाशी अशी उभी राहिली, की भाजीच्या हातगाड्यांनी आता आभाळातून जावं. गाडीतून इंद्रजित उतरला. बेंबळीच्या आण्णासाहेबांचा एकुलता एक. वय बत्तीस, कपडे कडक इस्त्रीचे, गॉगल डोक्यावर, आणि आजवर स्वतः केलेलं एकही काम सांगता येणार नाही असा. मागून त्याची आई दगडाबाई उतरली, साठी ओलांडलेली, नऊवारीचा पदर डोक्यावर. इंद्रजितची बायको शिवांजली गाडीतच बसून राहिली. तिला कुणी उतर म्हटलं नाही.

आण्णासाहेब जाऊन आठ महिने झाले होते. परवाना ज्याच्या नावावर तो गेला, की हत्यार घरात ठेवता येत नाही. त्यामुळं त्यांचं विलायती रिव्हॉल्वर तेव्हापासून चाचाच्याच कपाटात जमा होतं. आता वारस दोन, आई आणि मुलगा. दोघांनी संमतीपत्रावर सही केली तर विकता येणार होतं, नाही तर मुलगा ते स्वतःच्या नावावर करून घेऊ शकत होता. इंद्रजितनं फोनवरच सांगून ठेवलं होतं, की पाच लाखांच्या वर भाव आला तर विकतो, खाली आला तर आण्णांची आठवण म्हणून घरीच नेतो.

घेणारा आधीच येऊन बसला होता. लोहाऱ्याचा मल्लिनाथ, रस्त्यांचा गुत्तेदार. त्याचे रस्ते एका पावसाळ्यात वाहून जायचे, पण परवाना मात्र त्याला महिन्यापूर्वीच मिळाला होता. विलायती रिव्हॉल्वर आता बाहेरून येत नाही, म्हणून अशा जुन्या हत्याराला वेडे सोन्यासारखा भाव देतात, आणि मल्लिनाथ त्या वेड्यांतला पहिल्या रांगेतला होता. हत्याराचा अजून पत्ता नाही, पण गड्यानं कातडी म्यान मात्र नवंकोरं घेऊन कंबरेला लावलंही होतं. रिकामंच. बसताना ते खुर्चीच्या हातात अडकायचं आणि तो पुन्हा पुन्हा ते मोठ्या प्रेमानं सोडवायचा. चाचानं ते बघितलं आणि मनात म्हटलं, या अल्ला, हे असले लोक कुठल्या मातीतून काढतोस.

चाचानं कपाटातून रिव्हॉल्वर काढलं, चकरी उघडून आत काडतूस नसल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि फडक्यावर ठेवलं. ठेवतोय तोच इंद्रजितनं ते उचललं. उघड्या दारातून गाडीच्या दिशेनं नळी रोखली, एक डोळा मिटला आणि हसत ओरडला, “ए, हात वर.”

गाडीच्या काचेमागं शिवांजलीनं दोन्ही हात वर केले. हसली नाही, दचकली नाही. रोज देवाला हात जोडावेत तितक्या सवयीनं केले आणि तसेच धरून बसली, तो खाली कर म्हणेपर्यंत.

चाचा कडाडला, की माझ्या दुकानात माणसावर नळी रोखायची नाही. इंद्रजितनं “गंमत हो चाचा” म्हणून रिव्हॉल्वर खाली ठेवलं. मल्लिनाथला ती गंमत आवडली. दगडाबाई मात्र सुनेकडं बघत होती, आणि मग तिनं मान वळवून चाचाकडं बघितलं. ती नजर चाचानं एकदा आधी पाहिली होती.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. याच काउंटरवर दगडाबाईनं तुरीच्या डाळीचा डबा आणून ठेवला होता. आण्णासाहेब तेव्हा सोलापूरला दवाखान्यात होते, पोटाचं ऑपरेशन झालेलं. बाई बेंबळीहून एसटीनं एकटी आली होती. डबा उघडून तिनं डाळीत हात घातला आणि कोपरापर्यंत आत जाऊन हे रिव्हॉल्वर बाहेर काढलं. चाचा उडालाच. परवाना नवऱ्याच्या नावावर, हत्यार बायकोच्या हातात, तेही डाळीतून. बाई, हे मला दिसलंच नाही, परत घेऊन जा, असं तो म्हणाला. बाईनं वाद घातला नाही. तिनं कानावरचा पदर मागं सारला. कानामागं एक गोल वण होता, बरोबर नळीच्या तोंडाएवढा, त्याच्या शेजारी दुसरा, त्याहून जुना.

“आवाज करू द्या, पण मारता कामा न्हाय, असं करून द्या,” एवढंच ती म्हणाली होती.

रिव्हॉल्वरच्या घोड्याला पुढं एक बारीक चोच असते. चाप ओढला की ती काडतुसाच्या बुडाला टोचते, तेव्हा बार उडतो. चाचानं कानस घेतली आणि ती चोच घासून सपाट केली. पाच मिनिटांचं काम. घोडा पडायचा, टक् असा खणखणीत आवाज यायचा, पण आता काडतूस उडणं शक्य नव्हतं. पकडला गेला असता तर परवाना गेला असता आणि वर तुरुंग. त्यानं पैसे घेतले नाहीत. बाईनं डाळ तिथंच ओतून ठेवली आणि रिकाम्या डब्यात रिव्हॉल्वर घेऊन गेली. घरी बायकोनं, ताहेराबीनं, ती डाळ आठ दिवस शिजवली आणि कुठून आणली म्हणून कौतुक केलं. चाचाच्या घशाखाली ती धड उतरली नाही.

पुढं सत्तावीस वर्षं आण्णासाहेबांनी त्या मेलेल्या लोखंडावर राज्य केलं. सोसायटीच्या मीटिंगला ते टेबलावर काढून ठेवायचे, बांधाच्या भांडणात सदरा जरा वर करायचे, आणि समोरच्याचा आवाज बसायचा. गोळी एकदाही झाडली नाही, कारण हे शूर वीर दिवाळीत लवंगी फुटली तरी दचकायचे. एखाद्या लग्नात गाठ पडली की चाचाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, तुमच्या अब्बाजाननी काय चीज दिली मला, अजून नवीच्या नवी. चाचा नुसता हसायचा. त्या हसण्याची त्याला स्वतःचीच किळस यायची. ‘एकदाच भाव, सगळे दोष मोठ्यानं’ म्हणून मिरवणारे आपण, आणि हा एवढा थोरला दोष पोटात घालून बसलेले. आणि घरात त्या बाईवर नळी रोखली जाणं थांबलं असेल, असं समजायला चाचा काही दुधखुळा नव्हता.

आता मात्र पंचाईत झाली होती, आणि ती चाचाला आठ महिने झोपू देत नव्हती. खरा दोष सांगितला तर भाव पाच लाखांच्या निम्म्यावर येणार. भाव पडला की हत्यार घरी जाणार. घरी जाणार म्हणजे आधी दुरुस्त होणार, मग या दिवट्याच्या हातात, आणि काचेमागच्या त्या पोरीच्या कानामागं. नाही सांगितला तर मल्लिनाथला फसवल्यासारखं होणार. मल्लिनाथ फसवून घ्यायच्याच लायकीचा होता, ती अडचण नव्हती. अडचण बापाच्या रीतीची होती. आता दगडाबाईच्या नजरेत चाचाला एवढंच दिसलं, की हे परत माझ्या उंबऱ्यात येऊ देऊ नका.

त्यानं चष्मा लावला आणि काम सुरू केलं. चकरी बाहेर ढकलून उलटी ठोकली, आणि सहाच्या सहा घरांतून लाल भुकटी फडक्यावर सांडली.

मल्लिनाथनं दचकून विचारलं, की रक्त आहे काय.

“कुंकू आहे,” चाचा म्हणाला. “दरवर्षी खंडेनवमीला पूजा झालेली दिसतेय. हळद, कुंकू, वर नारळाचं पाणी. नंतर पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.”

इंद्रजितनं छाती पुढं काढून सांगितलं, की आण्णा स्वतः पूजा करायचे, सगळं गाव दर्शनाला यायचं. चाचानं नळीत लांब सळई घातली आणि पलीकडून ढकलली. फडक्यावर एक अक्षत पडली. मग दुसरी. मग झेंडूची वाळून काळी झालेली पाकळी. नारळाच्या पाण्यानं नळी आतून खवल्याखवल्यांनी गंजली होती. इतकी वर्षं ज्या नळीला तालुका घाबरला, तिच्यातून निघालं ते हे. चाचानं एकेक दोष मोठ्यानं सांगितला, नळी गंजलेली, चकरी ढिली, मूठ बदललेली. प्रत्येक दोषागणिक मल्लिनाथचं तोंड उतरत होतं आणि इंद्रजितचं फुगत होतं.

शेवटी घोडा राहिला. चाचा थांबला. चष्मा काढून पुसला, परत लावला. बाप डोळ्यांपुढं आला, डाळीचा डबा आला. आणि त्यानं घोडा मागं ओढून दोघांपुढं धरला.

“इथं चोच पाहिजे. नाही. कानशीनं घासलेली आहे. यातून गोळी सुटत नाही.”

इंद्रजितनं वाकून बघितलं, त्याला काय कळणार होतं, पण बघितलं. मग त्यानं विचारलं, की दुरुस्त होतं का. खोटं बोलायचं नाही तर नाही. चाचानं सांगितलं, की होतं, नवी चोच भरता येते, आठ दिवसांचं काम. इंद्रजित मोकळं हसला. मग झालं तर. विकायचंच नको. चाचा, करून टाका दुरुस्त, माझ्या नावावर चढवतो, घरची वस्तू घरी. तोंडानं एवढं बोलून त्यानं गाडीकडं बघत शिवांजलीला हाक मारली, की फाईल घेऊन ये, आधार कार्डाच्या झेरॉक्स लागतील.

चाचाला वाटलं, आपली रीत घेऊन आपण आता विहिरीत उडी मारावी.

तेवढ्यात दगडाबाई बोलली. ती बसल्याजागेवरून हललीसुद्धा नाही.

“म्या घासून आणली ती. तुझा बाप दवाखान्यात हुता तवा.”

इंद्रजितला आधी समजलंच नाही. तू? कशाला?

“तो दारू पिऊन यायचा, नळी कानामागं लावायचा आन् इचारायचा, मारू का. तू पाच वर्साचा हुतास, पांघरुणातनं बघायचास. त्या आधी म्या रडायची, पाया पडायची. घासून आणल्यावर मग त्यो नळी लावून हुबा ऱ्हायचा, आन् म्या मनात इचार करायची की सकाळच्याला भाजी कंची करावी.” तिनं पदर सारखा केला. “सत्तावीस वर्सं त्यानं बेंबळीला भ्या घातलं. त्याच्या कंबरंला काय हाय ते मला ठावं हुतं. काय बी नव्हतं.”

शिवांजली फाईल छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मल्लिनाथ आधी खोकला. मग त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि तो फिस्सकन हसला. आण्णासाहेबांनी लोहाऱ्यात एकदा भर सभेत हे रिव्हॉल्वर दाखवून याच मल्लिनाथला व्यासपीठावरून खाली उतरवलं होतं. ते आठवून तो आणखी हसला, डोळ्यांत पाणी येईतो हसला. च्यायला, बायकोनं घासलेलं, असं म्हणत त्यानं मांडीवर थाप मारली. म्यान परत खुर्चीत अडकलं.

इंद्रजितचा चेहरा लालबुंद झाला. दुकानात कुणावर तोंड टाकावं ते त्याला उमजेना. म्हणून त्यानं तेच केलं, जे तो पांघरुणातून शिकला होता. फडक्यावरचं रिव्हॉल्वर उचललं आणि आईवर रोखलं. नळीच्या टोकाला अजून कुंकू चिकटलेलं होतं. चाचा ओरडायला उठला. पण त्याआधीच उंबऱ्यातून आवाज आला, आणि तो रडण्याचा नव्हता. शिवांजली हसत होती. ओठ दाबून, मग ओठ न दाबता. इंद्रजितनं गर्रकन वळून नळी तिच्याकडं केली.

तिचे हात फायलीवरच राहिले.

तो तसाच उभा राहिला. कुणी घाबरत नाही तर आता पुढं काय करायचं, हे त्याला बापानं दाखवलंच नव्हतं. हात हळूहळू आपसूक खाली आला. मग तो चाचावर घसरला, की हे घासलं कुणी, कुठल्या हरामखोरानं, त्याचा परवाना घालवतो.

“माझ्याच कानशीनं घासलंय,” चाचा म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं की हसू आलं. “जा की ठाण्यात. तक्रारीत फक्त एवढं लिहावं लागेल, की तुमच्या आईनं ते घासून का आणलं. लिहिता येत नसेल तर मी सांगतो, तुम्ही उतरवून घ्या.”

इंद्रजितनं आईकडं वळून दात खाल्ले. दुरुस्त करणारच मी. कुणाला कळतंय?

दगडाबाईनं मल्लिनाथकडं हनुवटी केली. “हे आता लोहाऱ्याला जातील. दिस मावळायच्या आत बेंबळीच्या पारावर पोचंल. कर दुरुस्त. लाव कंबरंला. लोक इचारतील, आईनं घासलेलं ते हेच व्हय?”

मल्लिनाथ नाही म्हणाला नाही. उलट तो उठलाच होता. आपल्याला बाबा नको हे, लोहाऱ्यात पोरं मागं लागतील, असं म्हणून तो निघाला. जाताना दारात खिशातला फोन काढून त्यानं कानाला लावला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्याचं हसणं आणि रिकामं म्यान मांडीवर आपटल्याचा आवाज येत राहिला.

इंद्रजित खुर्चीत बसला. आत आल्यापासून तो पहिल्यांदाच नीट बसला होता, पाय जवळ घेऊन. रिव्हॉल्वर त्यानं फडक्यावर ठेवलं आणि बोटाला लागलेलं कुंकू पँटला पुसलं. फडक्याकडं न बघता त्यानं विचारलं, की भाव काय येईल.

चाचानं बापासारखं पाठ ताठ केली. भाव सांगायचा राहिलाच होता.

“दोष सगळे सांगून झाले. दुरुस्त करून, जिल्ह्याबाहेरच्या गिऱ्हाइकाला, दोन लाख चाळीस हजार.”

पाच लाखांची अट घालणाऱ्यानं डोक्यावरचा गॉगल काढून खिशात घातला. हत्याराची किंमत एवढीच होती, त्याच्या बापानं ती सत्तावीस वर्षं वाढवून लावली होती, बस. मग इंद्रजित पुटपुटला, की विका, लांब विका, कोल्हापूरकडं नाही तर आणखी कुठं, पण आमचं नाव सांगू नका. चाचानं संमतीपत्र पुढं सरकवलं. इंद्रजितनं सही केली. दगडाबाईनं अक्षर अक्षर लावत सही केली आणि पेन परत देताना चाचाला हळूच म्हणाली, “भाई, डाळ पाठवून दीन. औंदा चांगली झालीय.” चाचानं मान हलवली.

मग खाली एक रकाना उरला, साक्षीदाराचा. चाचानं पेन उंबऱ्याकडं धरलं. शिवांजली आत आली, नवऱ्याच्या शेजारून काउंटरशी गेली आणि फाईल बाजूला ठेवून दोन्ही हात मोकळे केले. इंद्रजितनं सवयीनं मान वर केली, “तुला कुणी...” असं काहीतरी म्हणायला. तिनं त्याच्याकडं बघितलं. तो परत खाली, फडक्यावरच्या अक्षता बघू लागला.

तिनं वाकून पूर्ण नाव लिहिलं आणि खाली तारीख टाकली.